देवाच्या कोठीतले सोंडे

"ज्या धान्याला देवाचं नाव लागलं, त्याला काळाचासुद्धा दात लागत न्हाई," असं तात्यारावांनी हुणसेवाडीच्या मारुतीसमोर जाहीर केलं आणि पुराव्यादाखल कोठीतल्या पहिल्याच पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत पीठ होतं आणि मनगटापासून वर सोंड्यांची रांग लागलेली होती. सोंडा म्हणजे तिळाएवढा तपकिरी किडा. त्याला हत्तीसारखी सोंड असते. हत्ती फार गरिबीत वाढला तर कसा होईल, तसा तो दिसतो. रांग शिस्तीत वर चढली आणि सदऱ्याच्या बाहीत शिरली. तात्याराव मंदिर कमिटीचे अध्यक्ष असल्यामुळं चारचौघांत खाजवू शकत नव्हते. उरलेलं भाषण त्यांनी एक हात उंच धरूनच पुरं केलं. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, आशीर्वाद देतायत; त्यांनी पदर डोक्यावर घेतले.

हुणसेवाडी ठाणाकुशनूरच्या पलीकडं, राज्याच्या हद्दीला चिकटून आहे. इथला माणूस अर्ज कानडीत करतो, भांडतो मराठीत आणि खरीखुरी शिवी द्यायची वेळ आली की दखनी उर्दूत शिरतो. गावाची रीत अशी की, जोंधळ्याची रास झाली की घरटी पायलीभर जोंधळे मारुतीच्या कोठीत पडायचे. ते वर्षभर तिथं मुरायचे आणि पुढल्या चैत्रात जत्रेला त्यांच्या कण्या भरडून कढयांत शिजायच्या. जुना जोंधळा शिजताना जास्त फुगतो, असं कारण सांगत. पण फुगण्याचा प्रश्न तेवढा मोठा नव्हता. ज्याचे जोंधळे कोठीत गेले तो गावचा, ज्याचे गेले नाहीत तो पाहुणा किंवा पोलीस, एवढा साधा हिशेब होता.

त्या वर्षी माघात कोठी उघडली ती नवे जोंधळे घ्यायला. उघडल्यावर कळलं की जुन्यांचं पीठ झालंय. तेव्हा पारावर बैठक बसली आणि सोंडा आला कुठून, यावर विचार सुरू झाला. एकेका घरानं सांगायचं ठरलं. राघोबांनी सांगितलं, आमच्या घरात सोंडा सात पिढ्यांत कुणी बघितलेला नाही. राघोबा कमिटीचे सेक्रेटरी, त्यामुळं त्यांच्या मागं बसलेल्यांनी आठ पिढ्या सांगितल्या. शेवटी गावात एकही सोंडा उरला नाही. तात्याराव मधूनमधून काख दाबत होते, तेवढाच काय तो पुरावा.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू फिरत फिरत अंबुबाईवर येऊन थांबल्या. अंबुबाईला त्या यायच्या आधीच कळल्या होत्या. तिच्या सासऱ्यापर्यंत त्या घरात मेंढरं होती आणि घर मेंढरांच्या मागं फिरत होतं. मेंढरं गेली, दोन तुकडे जमीन आली, विटांचं घर आलं, पण गावाच्या डोक्यातलं घर अजून फिरतंच होतं. त्यात पोरगा अनिलकुमार दिवाळी झाली की हैदराबादला बांधकामावर जायचा. अंबुबाईही एकदोन वर्षं जाऊन आलेली. गावातली निम्मी घरं आता तेच करत होती. पण बाकीच्यांची पोरं हैदराबादला 'असतात' आणि अंबुबाईचा पोरगा हैदराबादला 'भटकतो', असं धरलेलं होतं.

तात्याराव म्हणाले, परमुलखाची गाठोडी गावात येतात, त्यात काय काय येतं कुणी बघितलंय. किडा काही आपल्या पायानं येत नाही.

"येतोय की, अण्णा," अंबुबाई म्हणाली. "सहा पाय असतेत त्याला. बाहीत हायेत बघा तुमच्या, मोजा."

लोक हसले आणि तिथंच तिचं चुकलं. हसलेल्या माणसाला नंतर आपण अध्यक्षांच्या विरोधात नाही, हे दाखवून द्यावं लागतं. ठराव बिनविरोध झाला. अंबुबाईनं जत्रेला यावं, दर्शन घ्यावं, पंगतीत पोटभर जेवावं. फक्त जोंधळे देऊ नयेत.

ती घरी गेली ती वाटेतल्या प्रत्येक दगडाला जाब विचारत. जेवायला चालते आणि द्यायला चालत नाही, म्हणजे काय? भिकाऱ्याला असं सांगतात. जावयाला असं सांगतात. जन्म या गावात गेला, मरण याच गावात यायचं, आणि आता म्हणे पायलीभर जोंधळ्यांना शिवाशिव. सून जगदेवी राशीसाठी हैदराबादहून आलेली होती. तिनं समजूत घालायचा प्रयत्न केला, की आत्या, पायली वाचली म्हणायची. अंबुबाईनं तिच्याकडं असं बघितलं की जगदेवीनं त्यानंतर दोन दिवस चूल सोडून कशाशीच बोलणं केलं नाही.

इथं एक बारकी गोष्ट सांगायला हवी. कोठीत जोंधळ्यांच्या मागं, भिंतीला लावून, तात्यारावांच्या मक्याची थप्पी होती. तात्याराव खेड्याखेड्यांतून मका घेत आणि जहिराबादकडच्या कोंबडीखाद्यवाल्याला घालत. पावसाळ्यात त्यांची पडवी गळायची, म्हणून मका देवाच्या आसऱ्याला असायचा. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

अशात राघोबांची मुलगी विजयश्री गावात आली. ती शेतकीच्या विद्यापीठात पीएचडी करत होती आणि तिचा विषय होता सोंडे. तिची आई राजूबाई लोकांना 'शेतीचं मोठं शिकायलीय' एवढंच सांगायची. ज्या घरात सात पिढ्या सोंडा नाही, त्या घरची पोरगी त्याच किड्यात डोकं घालून बसली आहे, हे सांगणं तिला जड जात होतं. विजयश्री गावोगावच्या कोठ्यांतले सोंडे गोळा करत फिरत होती आणि स्वतःच्या गावातले शेवटी घ्यावेत, अशा बेतानं आलेली होती. गावात सोंडे नाहीत हे ऐकून तिला प्रथम आश्चर्य वाटलं, मग वडिलांची लाज वाटली.

तिनं पारावर समजावून सांगितलं. आपण ज्याला सोंडा म्हणतो ते दिसायला एक, पण निदान दोन प्रकारचे किडे आहेत. एकाला तांदूळ, गहू, जोंधळे आवडतात, दुसऱ्याला मका. अडलं तर दोघंही एकमेकांच्या ताटात जेवतात. भिंगाखालीही ते ओळखू येत नाहीत. पूर्वी नराचं पोट फाडून नको ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागे. आता तसं करावं लागत नाही. किडा बारक्या नळीत चेचायचा, त्यातली जनुकं काढायची, मशीनमध्ये तापवून गार करून त्या जनुकांचा एक तुकडा वाढवायचा, आणि मग जेलीसारख्या पट्टीत वीज सोडली की तो तुकडा रेघ होऊन उमटतो. प्रकार निराळा, तर रेघ निराळ्या जागी.

तात्यारावांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे किड्याचं खानदान कळतंय म्हण की."

विजयश्री म्हणाली की खानदान नाही, प्रकार कळतो. कुणाच्या घरातला ते कळत नाही. हे तिनं तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा सगळ्यांनी मान हलवली. हुणसेवाडीत मान हलवणं म्हणजे ऐकू आलं, एवढाच अर्थ. तात्यारावांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की आता शास्त्रच निकाल देईल. कोठीतला सोंडा आणि अंबुबाईच्या घरातला सोंडा एकाच कुळातला निघाला की विषय संपला.

"काढा तुमचं शास्त्र," अंबुबाई म्हणाली. "पण न्हाई निघाला तर याच पारावर सगळ्यांच्या देखत माझी पायली घ्यायची."

तात्याराव हो म्हणाले. शास्त्र आपल्याच गावच्या पोरीच्या हातात आहे आणि पोरीचा बाप आपला सेक्रेटरी आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

विजयश्रीला त्याच दुपारच्या गाडीनं जायचं होतं. ती म्हणाली, आत्ताच द्या नमुने. तात्याराव म्हणाले, आज गुरुवार, मारुतीच्या कोठीतलं शनिवारशिवाय बाहेर जात नाही. तेव्हा शनिवारी दोन्हीकडचे मूठमूठ जोंधळे डब्यांत घालून पाठवायचे ठरलं. कोठीतली मूठ काढायची राघोबांच्या घरानं, अंबुबाईची अंबुबाईनं. राघोबा दोन्ही डबे घेऊन बसनं विद्यापीठात पोचवणार होते.

शनिवारी सकाळी अंबुबाई सूप घेऊन ओसरीवर बसली. राग होता म्हणून हात भराभर चालत होता. तिनं ती मूठ आधी चाळली, मग पाखडली, मग एकेक दाणा निवडला. खडा निघाला की तात्याराव म्हणून बाजूला टाकायचा, काडी निघाली की राघोबा. तीनचार सोंडे निघाले, ते तिनं चिमटीत धरून चुलीत टाकले. त्यांना नाव दिलं नाही. जोंधळे मोत्यासारखे झाले. मग डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि वर हळदीचं बोट लावून दिला. जोंधळे मोठ्या साहेबांच्या दारात जाणार होते. साहेबानं काय म्हणायचं, कुणाच्या घरचं आहे हे धान्य?

चार दिवसांनी राघोबांच्या मोबाइलवर विजयश्रीचा फोन आला. पारावर बैठक बसवून राघोबांनी फोनचा आवाज मोठा केला. पलीकडून विजयश्री फार हळू बोलत होती. चिडलेली माणसं आईबापांसमोर असं हळू बोलतात.

"अप्पा, मी जोंधळे न्हाई मागितले, सोंडे मागितले. दोन्ही डब्यांत एकपण सोंडा न्हाई. इथले सर म्हणायले, इतके स्वच्छ जोंधळे त्यांनी जन्मात बघितले न्हाईत."

राघोबांनी बायकोकडं बघितलं. राजूबाईनं कोठीतली मूठ कशी काढली असेल, हे अंबुबाईला न सांगताच कळलं.

"आता काय करू माय," राजूबाई फोनकडं तोंड करून म्हणाली, "लोकाच्या दारात जायलेलं धान्य न निवडता धाडू? नाव कुणाचं जाईल?"

अंबुबाईच्या तोंडून आपोआप 'व्हय की' निघून गेलं. शत्रूच्या बायकोशी एकमत झाल्याबद्दल तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं पायातली चप्पल काढून पुन्हा घातली.

तात्यारावांनी मात्र फोन ठेवायच्या आधीच निकाल लावला. शास्त्रानं दोन्ही डबे तपासले, सोंडा सापडला नाही. म्हणजे देवाच्या कोठीत सोंडा नाही. हे सांगताना त्यांच्या टोपीच्या काठावरून एक सोंडा चालला होता. तो वळसा घालून मागं गेला, कारण त्यालाही शास्त्राच्या पुढं जायचं नसावं. मग माझ्याही घरात नाही ना, अंबुबाईनं विचारलं. नाही, तात्याराव म्हणाले. मग माझी पायली घ्या. ते होणार नाही, तात्याराव म्हणाले, खबरदारी म्हणून.

आता काय करावं? आपल्या घरातले सोंडे आणि कोठीतले सोंडे निराळे आहेत, असं दाखवायचं तर आपल्या घरात सोंडे आहेत, हे आधी सांगावं लागणार. आणि तेच तर कुणी सांगत नव्हतं. गावात एक वेळ बायका पळून गेल्याचं कबूल करतील, पण कणगीत किडा आहे म्हणणार नाहीत. जगदेवी म्हणाली, "आत्या, दाखवू नका. एकदा नाव पडलं की उद्या आपल्या पोरीला कोण करंल?" जगदेवीची पोरगी अजून रांगत होती, पण मुद्दा खरा होता.

अंबुबाईला रात्रभर झोप नाही, असं काही झालं नाही. रागावलेल्या माणसाला झोप छान लागते. ती सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

पुढच्या शनिवारी विजयश्री स्वतःच आली, हातात बारक्या शिश्यांची पेटी घेऊन. आरती झाली होती, प्रसाद वाटून व्हायचा होता, गाव जागेवर होतं. अंबुबाई कणगीच्या तळचे जोंधळे सूपभर घेऊन पारावर आली आणि न पाखडता, न निवडता, तिनं सूप सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. उन्हात सूप ठेवल्याबरोबर जोंधळे जागचे हलायला लागले.

"बघा," ती म्हणाली. "माझ्या घरात सोंडे हायेत. सासूच्या राज्यात होते, माझ्यात हायेत, सुनेच्या राज्यात राहतील. आता ज्याच्या घरात न्हाईत त्यानं हात वर करावा. मारुती समोर हाय."

गावानं एकमेकांकडं बघितलं आणि सगळ्यांनी हात वर केले. राजूबाईनं जरा उशिरा केला. तिच्या त्याच हातावरून एक सोंडा कोपराकडं निघाला होता. विजयश्रीनं पुढं होऊन तो चिमट्यात धरला आणि एक शिशी उघडली. आईनं हात खाली घेतला नाही. लेकीनं शिशीवर काय लिहिलं, तेही तिनं वाचलं नाही. अंबुबाईला त्या दोघींचं हसू यायला हवं होतं, पण तिला फक्त एवढंच दिसलं की आख्ख्या गावानं देवासमोर हात वर करून खोटं सांगितलं आणि एकाचाही हात थरथरला नाही.

विजयश्रीनं तिच्या सुपातले सोंडे घेतले. मग कोठीची किल्ली मागितली. शास्त्र तात्यारावांनीच बोलावलेलं असल्यामुळं त्यांना किल्ली द्यावी लागली. ती आत गेली, बराच वेळ आत होती, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत मक्याची सालपटं अडकलेली होती. सगळ्यांना ती दिसली. ती दिसल्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

निकाल घेऊन ती फाल्गुनाच्या शेवटी आली. तोवर गावाचे नवे जोंधळे कोठीत पडले होते, अंबुबाईचे सोडून. कोठी झाडलेली नव्हती, कारण तिच्यात सोंडाच नव्हता. विजयश्रीनं पारावर एक फोटो सगळ्यांत फिरवला. काळा फोटो, त्यावर पांढऱ्या रेघा. काही रेघा वर होत्या, काही खाली. ती म्हणाली, अंबुमावशींच्या घरचे सोंडे जोंधळ्या-तांदळावरचे, आपल्याकडं सगळीकडं असतात ते. ही त्यांची खालची रेघ. माझ्या आईच्या हातावरचापण त्यातलाच. कोठीतले मात्र सगळेच्या सगळे मक्यावरचे. ही वरची रेघ. मग ती थांबली आणि वडिलांकडं बघून म्हणाली की यावरून किडा कुणाचा ते कळत नाही, पण कुणाचा नाही, तेवढं ओळखायला हरकत नसावी.

 अंबुबाईच्या छातीत आनंदानं काहीतरी उसळलं, तेही रागासारखंच गरम होतं. तिनं तात्यारावांकडं बघितलं. तात्याराव फोटो लांब धरून बघत होते. त्यांनी तो उलटा केला, मग सुलटा केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे कोठीतल्याची रेघ वर हाय," ते म्हणाले. "आणि अंबूच्या घरातल्याची खाली."

विजयश्री म्हणाली, वर म्हणजे तो तुकडा मोठा, तो जेलीत कमी पळतो. खालचा लहान, तो जास्त पळतो. बाकी काही नाही.

"मोठा हाय आणि पळत न्हाई," तात्यारावांनी गावाला समजावून सांगितलं. "ऐकलंत का? आणि दुसरा लहान, पळपुटा. पोरीनं एवढं शिकून येऊन सांगितलं ते आपण पहिल्यापासून सांगायलाव. देवाच्या कोठीतला किडा वरचा हाय. त्यात खालचं मिसळायचं न्हाई. उद्या भेसळ झाली तर जबाबदार कोण?"

लोकांनी मान हलवली. यावेळी ती नुसतं ऐकू आलं म्हणून हलवलेली नव्हती. म्हातारी माणसं फोटो मागून घेऊन कोठीची रेघ किती वर आहे ते बोटानं मोजायला लागली. आपल्या गावचा किडासुद्धा मोठ्या घरचा निघाला, याचा एक मंद अभिमान पारावर पसरला. विजयश्रीला राग आला, पण यावेळी ती हळू बोलत नव्हती. ती म्हणाली की अप्पा, तुम्ही सांगा, कोठीत मका कुणाचा आहे ते तरी सांगा. राघोबांनी घसा साफ केला. सेक्रेटरीचं काम लिहायचं असतं, बोलायचं नसतं, असं काहीतरी ते म्हणाले आणि त्यांनी वहीही उघडली नाही. विजयश्री फोटो तसाच पारावर टाकून गाडीच्या आधीच फाट्याकडं चालत निघून गेली.

अंबुबाई तिथंच उभी होती. तिला शिवी द्यायची होती. मराठी आठवली, ती पुरेना. कानडी आठवली, ती बायकांच्या तोंडी शोभेना. दखनीत शिरली, पण तिथंही या प्रकाराला शब्द नव्हता. एवढ्या मोठ्या शास्त्रानं, एवढ्या नळ्या तापवून, एवढी वीज सोडून शेवटी तेच सांगितलं जे यांना आधीपासून ऐकायचं होतं. खरं सांगणाऱ्याच्या घरातला किडा खालचा आणि हात वर करणाऱ्यांच्या कोठीतला वरचा. चेचलेल्या किड्यालासुद्धा यांनी वर-खाली बसवलं. जेलीत नुसता पडून होता बिचारा, त्याला उठवून पंगतीला बसवलं.

ती घरी आली आणि कामाला लागली. कणगी पालथी केली. जोंधळे अंगणात तळपत्या उन्हात घातले, चाळले, पाखडले, पुन्हा घातले. तळाला कडुलिंबाचा पाला घातला. जगदेवीला वाटलं, आत्या सोंडे घालवायलीय. आत्या भाषण तयार करत होती. रोज दुपारी उन्हात जोंधळे खालीवर करताना ती एकेक वाक्य घासून लख्ख करायची. पहिलं वाक्य तात्यारावांच्या मक्यावर होतं. दुसरं राघोबांच्या सात पिढ्यांवर. मधे राजूबाईच्या हाताचा एक तुकडा होता, तो तिनं दयेपोटी काढला आणि रागाच्या भरात परत घातला. शेवट ठरलेला होता: ज्या देवाला माझी पायली चालत नाही, त्यानं मला तसं स्वतः सांगावं, तात्याराव मधे कामून बोलायलेत? त्यानंतर सगळं गाव खाली मान घालून बसेल, असं तिला दिसायचं. कधीकधी तात्याराव रडायचेसुद्धा. चैत्र लागला तेव्हा भाषण इतकं पक्कं झालं होतं की जगदेवीला झोपेत येत होतं.

जत्रेच्या दिवशी तिनं जोंधळ्यांच्या कण्या भरडल्या, पोत्यात भरल्या, तोंड सुतळीनं बांधलं आणि पोतं डोक्यावर घेतलं. पायली मागितली होती ना, आता पोतं घ्या. जगदेवी मागनं आली, अडवायला की बघायला, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं.

देवळामागं चुलवणं पेटलेली होती. आचारी मल्लप्पा दरवर्षी कमठाण्याहून यायचा. त्याला गावचं मराठी कळायचं, गावचं राजकारण कळायचं नाही. म्हणूनच बहुधा त्याला दरवर्षी बोलवत. त्यानं सकाळी पहिल्या कढईच्या आधणात कोठीतल्या कण्या वैरल्या होत्या. जुन्यांचं पीठ झालं म्हणून यंदा नव्या जोंधळ्यांच्या, देवाच्या, वरच्या. पाणी तापलं तसे सोंडे वर आले आणि सगळ्या कढईभर तरंगायला लागले, एकाच पातळीवर. मल्लप्पानं ती कढई उकिरड्यावर नेऊन ओतली होती, घासली होती आणि दुसरं आधण ठेवलं होतं. पंगती बसल्या होत्या. पत्रावळी पडल्या होत्या. कमिटी कढईभोवती उभी राहून एकमेकांना घरून जोंधळे आणायला सांगत होती. पण आपल्या घरातले आणले तर त्यात काय निघेल या भीतीनं कुणीच हलत नव्हतं.

अंबुबाईला हे काहीच माहीत नव्हतं. तिनं पोतं धाडकन कढईशेजारी टाकलं, कमरेला पदर खोचला आणि तात्यारावांच्या समोर उभी राहिली. तात्याराव मागं सरकले.  राजूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मागनं कुणीतरी पोराला गप्प बसवलं. आख्खं गाव, गावातली सगळी घरं, सगळ्यांच्या सात आणि आठ पिढ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. अंबुबाईनं श्वास घेतला.

"तात्याराव अण्णा," ती म्हणाली, "देवाच्या दारात आज मी तुम्हाला सगळ्यांच्या देखत विचारायलीय..."

मल्लप्पानं कढईतला झारा तिच्या आणि तात्यारावांच्या मधनं पुढं केला आणि त्याच्या टोकानं पोतं दाखवलं.

"अक्का, तेवढी सुतळीची गाठ सोडा की आधी. आधण उकळायलंय."